काकांनी दिलेली कावीळ

"बी.एस्सी.ला पंचावन्न टक्के, आणि बाईसाहेब निघाल्या कॅनडाला शिकायला!" दिगूकाका पुतणीला हसले. मग तोडगाही त्यांनीच काढला. "मुलाखतीत सांग, परीक्षेच्या वेळी कावीळ झाली होती."

मुलाखत सुरू झाल्यावर ते लॅपटॉपमागे उभं राहून स्वतःची पापणी ओढून दाखवत राहिले. शलाकाने प्राध्यापकांना सांगितलं, "आजारी नव्हते. नुसती घोकंपट्टी केली. विषय कळायला लागला तेव्हा परीक्षा संपली होती." काकांनी कपाळावर हात मारला.

प्रवेश मिळाला तसे काका पेढे आणि शलाकाला घेऊन शेजारी धावले. "नेनेवहिनी, अंगात कावीळ असताना पंचावन्न टक्के! आमच्या घराण्याचं रक्तच तसं!"

नेनेकाकूंनी शलाकाच्या हातातला पेढा काढून घेतला. "राहू दे गं, कावीळ उलटते."

तो पेढा काकांनी खाल्ला.