रंगाऱ्याची दाढी

परांचीवरून डोक्यावर पडलेला रंगारी वाचला आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांचं काय जात होतं? संसार बायकोला करायचा होता.

डोक्यातल्या ग्रंथीला मार बसल्यानं दाढी उगवायची थांबलीय, असं डॉक्टर म्हणाले. त्याचं हसणंही थांबलं होतं, पण ते कुणी विचारलं नाही. आता तो गुळगुळीत गालांनी दिवसभर बसून तिच्यावर संशय घ्यायचा. सासूबाई म्हणायच्या, "माणूस परत आला ना? मग रडतेस कशाला?"

त्या सकाळी तो चहाचा कप पुढ्यात घेऊन खेकसला, "यात काय कालवलंस?"

तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला. बेसिनच्या कडेवर रेझर दोनदा आपटल्याचा. पूर्वी रोज यायचा, अगदी तसाच.

ती उठून गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून बेसिन दिसत होतं, आणि त्यातल्या फेसात बारीक काळे केस.

तिनं मागे वळून पाहिलं. नवरा जागेवरच होता, चहा हुंगत.

दाराआडून त्याचाच, पण पडण्याआधीचा हसरा आवाज हळूच म्हणाला, "अगं, तो माणूस गेला का?"