चुलीपाशी पंजा

मी शिडीवरून उतरेपर्यंत नात उत्खननाच्या खड्ड्यात चुलीपाशी जाऊन बसली होती. मी तिला हजारो वर्षांपूर्वीचं घर समजावू लागलो.

"ते लोक घर सोडून जाताना ते मातीने भरून टाकायचे. पुढे दुसरे आले, की त्यावरच नवी जमीन सारवायचे आणि ओल्या चिखलात आपल्या लेकराचा पंजा उमटवायचे. पंजा उमटला, की घर त्यांचं."

"म्हणजे दारावरची पाटीच की, आजोबा."

"अगदी तशीच."

एकाखाली एक उघडलेल्या जमिनींवरचे वाळलेले पंजे दाखवत मी सगळ्यांत वरच्या जमिनीला बोट लावलं. बोट आत रुतलं.

काल ती खडखडीत वाळलेली होती. आज आमच्याखेरीज इथे कुणी आलं नव्हतं. चुलीपाशी एक लहानसा नवा पंजा होता.

"हा तुझाच उद्योग ना? सांग, मी रागावणार नाही."

तिने चिखलाने भरलेला हात पुढे केला. मनगटावर मोठ्या माणसाच्या बोटांचे ओले ठसे होते.

"मी नाही, आजोबा. तिने माझा हात धरला होता," ती हळूच म्हणाली. "आणि ती म्हणते, तुम्ही वर जा. मी आता इथलीच आहे."