थोरलीचं वाण

"काच वर घे गं, धूळ येते," नागोजीराव म्हणाले.

भवानीबाईंनी काच वर घेतली नाही. हिनकल गाव मागे पडलं होतं. उजव्या हाताला पहिलं तळं लागलं, काठोकाठ भरलेलं, आणि त्यांना ते डोळे भरून पाहायचं होतं. मांडीवर वाणाची सुपं होती, एकावर एक पालथी घालून दोऱ्यानं बांधलेली. आत खण, बांगड्या, हळदकुंकू, नारळ.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, एक तळं म्हणून दाखवलं नाहीत मला."

"घरात नळ आहे की."

"नळात कमळं उगवतात होय?"

नागोजीराव हसले. हिरवी फियाट त्यांनी जरा हळू केली. हा सगळा रस्ता त्यांच्या पायाखालचा. पंप दुरुस्तीच्या कामासाठी दर गुरुवारी ते इकडच्या गावांच्या फेरीवर निघत आणि रात्र झाली तर तिकडेच राहत. आज सोमवार होता. "गुरुवार सोडून कधीही जाऊ," असं त्यांनीच सांगितलं होतं.

कॉफीसाठी ते एका लहानशा गावात थांबले. हॉटेलच्या मागेच तळं होतं. पायऱ्यांवर बायका कपडे आपटत होत्या, पाण्यात म्हशी डुंबत होत्या. भवानीबाईंनी विचारलं, "हेच का ते?"

"नाही. अजून पुढं."

एवढं बोलून ते कॉफीचे पैसे द्यायला उठले. थोरलीचा विषय निघाला की त्यांचं असंच व्हायचं.

थोरली म्हणजे नागोजीरावांची पहिली बायको. तळ्यात आंघोळीला उतरली आणि बुडाली, देहही सापडला नाही. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. भवानीबाईंच्या वडिलांनी लग्न ठरवताना एकच प्रश्न विचारला होता, "पहिली आहे की गेली?" गेली म्हटल्यावर सुपारी फुटली. रीतीप्रमाणे सवतीचा चांदीचा टाक भवानीबाईंच्या गळ्यात आला. टाकावर बाईचा चेहरा आणि हनुवटीवर तीन ठिपके. थोरलीला तसं गोंदण होतं म्हणून नागोजीरावांनीच सोनाराला सांगून ते कोरून घेतले होते. भवानीबाई रोज आंघोळीनंतर त्या चेहऱ्याला आधी कुंकू लावत, मग स्वतःला.

पण त्यांच्या लेकीची, कमलाक्षीची, दोन बाळंतपणं वाया गेली. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. नंजनगूडच्या आत्याबाई स्पष्ट म्हणाल्या, "थोरली सवाष्ण गेली. जिथं गेली त्या पाण्यावर तिच्या नावानं वाण दिलंस का कधी? पोर जगायला हवं असेल तर दे." तेव्हापासून भवानीबाईंना झोप नव्हती. महिनाभर त्या नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या, तेव्हा कुठं आज गाडी निघाली.

बिळीकेरे गाव ओलांडून गाडी एका फाट्यावर वळली. चिंचेच्या रांगेपलीकडे मोठं तळं चमकलं. नागोजीरावांनी गाडी थांबवली आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला.

तळ्याच्या बांधावर बायकाच बायका होत्या. यंदा तळं भरून वाहिलं होतं, म्हणून आसपासच्या गावांतल्या सवाष्णी पाण्यात वाण सोडायला आल्या होत्या.

"आज गर्दी आहे. परत फिरू."

"अहो, हा तर शकुन आहे!"

"मी सांगतो ना, परत फिरू."

"माझ्या लेकीचं काय?" भवानीबाई दार उघडून उतरल्याही. "तुम्ही बसा. तुम्हाला बघवायचं नाही ते, कळतं मला."

नागोजीरावांनी गाडी मागं घेऊन चिंचेखाली लावली, काच वर घेतली आणि तोंडासमोर पेपर धरला. भवानीबाईंना त्यांची दया आली. अजून विसरले नाहीत बिचारे.

बांधावर त्यांनी एकदोघींना कन्नडात विचारलं, गेलेल्या सवाष्णीच्या नावानं वाण घ्यायला कुणी बसेल का. एक बाई वळून बघत म्हणाली, "मराठी का हो तुम्ही? बोलण्यावरून वाटलं."

"अय्यो, तुम्ही आपल्यातल्याच!"

बाई त्यांच्याहून थोडी मोठी असेल. नुकतंच वाण सोडून आलेली, तोंडावर हळदीचा जाड थर, हातभर बांगड्या.

"मेलेलीच्या नावानं आहे. बसाल ना?"

"सवाष्ण गेली म्हणजे पुण्यवान. बसते की. कोण तुमची?"

"सवत. याच तळ्यात गेली."

"इथं? आमचं गाव इथून चार कोसांवर. असं काही कानावर नाही आलं."

"जुनी गोष्ट आहे."

पायरीवर बसवून भवानीबाईंनी तिचे पाय धुतले. डोळे मिटून मनात म्हणाल्या, थोरले, तुझं तू घे, माझ्या पोरीचं पोर सोड. सूप पदरात घालून त्यांनी कुंकवाची कुयरी उघडली.

"थांबा, हळदीवर कुंकू ठरायचं नाही," म्हणून बाईनं ओंजळभर पाण्यानं तोंड धुतलं आणि पदरानं पुसलं.

हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते.

भवानीबाईंचा हात टाकाकडे गेला. डोळे भरून आले. आली. थोरली हिच्या रूपानं आली, वाण घेतलं तिनं. आता कमलाक्षीला काही होणार नाही. त्यांनी कुंकू लावलं आणि बाईच्या पायांवर डोकं टेकलं.

"अहो, उठा! रडता कशाला?" बाई हसली.

"आनंद झाला हो. आता रीतीप्रमाणे मालकांचं नाव घ्या, म्हणजे वाण पोचलं."

"या वयात?" बाई लाजली. तिनं पदर सारखा केला आणि खाली मान घालून म्हणाली,

"तळ्याकाठी माझं घर, विहिरीवर पंपाचा आवाज;
गुरुवारी येते हिरवी मोटार, नागोजीरावांचं नाव घेते आज."