पेडलवरचा पाय

“आई, दाब! मी सांगेपर्यंत सोडू नकोस,” गाडीच्या चाकाशी आडवा पडलेला कॅलम ओरडला. ब्रेकमधली हवा काढताना एकानं चाकामागचा स्क्रू उघडायचा, दुसऱ्यानं पेडल धरायचं. त्याचा बाप होता तेव्हापासून पेडल माझंच. “धरलंय!” म्हणत मी पाय हळूच उचलला, उघड्या स्क्रूतून हवा परत आत शिरली. “तेलाच्या नळीत पुन्हा बुडबुडे! मेलबर्नची बोट चुकली की नोकरी गेली, आई.” गेली तर गेली. इथं टास्मानियात काय काटे टोचतात? मी पुन्हा तेच केलं. शेवटी त्यानं पाना भिरकावला. “मरू दे! असाच निघतो. घाटात हळू उतरेन.” वळणावर तो ब्रेक दाबणार, आत मी भरलेली हवा! “थांब, आणखी एकदा कर.” या वेळी पेडल तळाला टेकवलं. बुडबुडे संपले. “सोड आता, आई,” तो दोनदा म्हणाला, तरी मी दाबूनच बसले.