गायीचा दोष

उमसिन खड्ड्यात माती लोटत होती. आत गाय होती, मांसासकट, कातड्यासकट. अख्खं गाव बघायला जमलं होतं. कझाक माणूस गाय कापतो, शेजारीपाजारी वाटतो, पण पुरत नाही. आमच्या माळावर असला प्रकार कुणी पाहिला नव्हता.

"हाडसुद्धा ठेवू नकोस हो सूनबाई," दारातून सासू ओरडली. "आता प्या बिनदुधाचा चहा, त्या रशियनांसारखा!"

उमसिनने आणखी एक फावडं माती लोटली. मागच्या हिवाळ्यात तिचा तुरसिन गेला होता. सात वर्षांचा पोर. हिरड्यांतून रक्त यायचं, अंगावर निळे डाग उठायचे. शहरातून डॉक्टरबाई दर उन्हाळ्यात यायच्या, सगळ्यांचं रक्त काढायच्या, वहीत लिहायच्या आणि जायच्या. जनावरांचा रोग आहे, कच्च्या दुधातून येतो, असं त्यांनीच सांगितलं होतं. पोराला धारोष्ण दूध पाजायची उमसिन. सासूने सगळं खापर तिच्यावर फोडलं. फोडायची गरज नव्हती, तिने ते आधीच आपल्या डोक्यावर फोडून घेतलं होतं. परवा चार वर्षांच्या कमाशच्या उशीवर रक्त दिसलं, आणि आज गाय खड्ड्यात गेली.

दुपारी डॉक्टरबाईंची जीप आली. लिदिया फ्योदोरोव्हना उतरल्या आणि ताज्या मातीकडे बघत राहिल्या.

"हे काय गं?"

"गाय पुरली, डॉक्टरबाई. तुम्हीच म्हणाला होतात ना? आता एक थेंब दूध घरात नाही. माझी कमाश वाचेल ना?"

डॉक्टरबाईंनी कमाशला मांडीवर घेतलं. हिरड्या पाहिल्या, पापणी ओढून पाहिली. वही मात्र काढली नाही. ड्रायव्हर विहिरीवर पाणी आणायला गेला होता. तो लांब आहे हे त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

"गायीचा दोष नव्हता, उमसिन. तुझा तर नव्हताच. टेकडीपलीकडे ते अणुबॉम्ब उडवतात ना, शिपाई तुम्हाला चरात पालथं झोपवतात तेव्हा? ही त्याची बाधा आहे. आम्हाला बोलायला बंदी आहे. मी बोलले हे कळलं तर माझी खैर नाही."

"आणि औषध?"

डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली.

उमसिन तिथेच मातीवर बसली. सहा महिने ती स्वतःला पोराची मारेकरी म्हणत होती. छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता. उतरला नाही. सासूला ओरडून सांगावं असंही तिला वाटलं नाही. तुरसिन काही त्याने परत येणार नव्हता, आणि कमाश डॉक्टरबाईंच्या मांडीवर गुंड्यांशी खेळत होती.

"कशाला उडवतात?" तिने विचारलं.

"अमेरिकेकडे आहे म्हणून. त्यांनी एक उडवला की आपण त्याहून मोठा उडवायचा. मग ते आणखी मोठा."

"ते कुठे उडवतात?"

"त्यांच्या माळावर. बेटांवर."

"तिथे माणसं राहतात?"

"जवळपास राहत असतील."

उमसिनने कमाशला आपल्याकडे ओढून घेतलं. ड्रायव्हर बादली घेऊन परत येताना दिसला, तशा डॉक्टरबाई घाईने उठल्या आणि त्यांनी वही उघडली.

"मग तिथल्या आयांना कुणाचा दोष म्हणून सांगतात, डॉक्टरबाई?"