कलावतीची कणीक

पखवाजाच्या डाव्या पुडीच्या कातड्यावर आवाज घुमावा म्हणून थापलेली कणीक निघून पडली, तेव्हा कलावती गुरव भर कार्यक्रमात थांबली आणि नवी कणीक थापायला लागली. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावरची कलावती मात्र वाजवतच राहिली. नऊ गावांतल्या पडद्यांवर सगळं एकाच क्षणी दिसावं म्हणून यंत्र तिचं पुढचं वाजवणं आधीच ओळखून आवाजासकट दाखवत होतं.

"माझे हात थांबलेत! बंद करा ते!" ती पडदेवाल्यावर ओरडली.

"राहू द्या हो ताई, नऊही गावांत चोख जुळलंय."

तेवढ्यात पडद्यावरची ती समेवर आली. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. कलावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कणकेचा गोळा उचलला आणि पडद्यावरच्या त्या हसऱ्या तोंडावर फेकून मारला.

पहिल्या रांगेत बसलेली तिची आई पडद्याकडे बघत किंचाळली, "अगं बाई! माझ्या पोरीला कुणी मारलं?"