जाहिरातदाराचे नाव

बसथांब्यासमोर गाडी थांबवून नगरपालिकेचे अध्यक्ष खाली उतरले आणि फलकाकडे बघतच राहिले. फलकावर त्यांचंच पत्रक होतं. पंचवीस वर्षांपूर्वीचं, पहिल्या निवडणुकीतलं, आता माणसाच्या उंचीएवढं मोठं केलेलं.

'मुलींच्या शाळेच्या मैदानावर एक वीटही रचली जाणार नाही. हा माझा शब्द.' खाली सही.

त्याच मैदानावर तीन मजली वाहनतळ बांधायचा ठराव त्यांनी गेल्या महिन्यात मांडला होता. निवडणूक जिंकली की तो मंजूर होणार होता.

जाहिरातीत दुसरा एकही शब्द नव्हता. तळाशी फक्त नियमाप्रमाणे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की जाहिरातदाराचं नाव आणि पत्ता निवडणूक कार्यालयात नोंदवला असून आठव्या दिवशी तो जाहीर होईल.

घरी आल्यावर त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही. "हे डॉक्टरचंच काम," ते म्हणाले. डॉक्टर म्हणजे त्यांच्याविरुद्ध उभा असलेला उमेदवार. "पण त्याला हे पत्रक मिळालं कुठून? माझ्याकडेसुद्धा प्रत नाही."

वहिनी खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. "जुनी माणसं कागद जपतात, भाऊजी," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष नऊ वर्षांचे होते तेव्हा त्या या घरात आल्या. त्यांनीच धाकट्या दिराला पाढे शिकवले, शाळेत सोडलं, तापात त्याच्या उशाशी बसल्या. थोरला भाऊ गेला तरी वहिनी राहिल्या. दिराची वहिनी ती हळूहळू सगळ्यांचीच वहिनी झाली. भाजीवाला वहिनी म्हणे, पोस्टमन वहिनी म्हणे, छापखान्यात अठ्ठावीस वर्षं प्रुफं तपासली तिथेही शेवटी शेवटी वहिनीच. माहेरचं नाव-आडनाव फक्त कागदोपत्री उरलं.

"ते पत्रक तुमच्याच छापखान्यात छापलं होतं ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. वीट ऱ्हस्व पडली होती. मी दीर्घ केली."

अध्यक्षांना हसू आलं. वहिनींचं हे असंच. ठराव मांडला त्या दिवशी त्यांनी जेवताना एवढंच विचारलं होतं, की मुली धावणार कुठे. त्यावर अध्यक्ष म्हणाले होते, "आणि गाड्या उभ्या कुठे करायच्या, वहिनी?" सगळं टेबल हसलं होतं. वहिनी हसल्या नव्हत्या, पण दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारख्या मैदानाला पाच फेऱ्या घालून आल्या होत्या.

नावाचा आधीच काही सुगावा लागतो का ते बघायला निवडणूक कार्यालयात रोज जाऊन कोण बसणार, असा प्रश्न निघाला तेव्हा त्या आपण होऊन म्हणाल्या, की मला कुठे काम आहे. डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं तेही त्यांनी पुढे ढकललं. पैसे मी देतो, असं अध्यक्ष म्हणाले, तर निवडणूक होऊ दे म्हणाल्या. "माझ्यासाठी आमच्या वहिनींनी डोळा थांबवला," असं अध्यक्षांनी दोन सभांत सांगितलं. दोन्हीकडे टाळ्या पडल्या.

वहिनी रोज अकराला कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसत. तिसऱ्या दिवशी कारकुनाने त्यांना खुर्ची दिली, पाचव्या दिवशी चहा. सातव्या दिवशी तो टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "अजून विचार करा, वहिनी. एकदा नाव लागलं की काढता येत नाही."

"काढायचं कशाला?" वहिनी म्हणाल्या. "लागावं म्हणूनच रोज हेलपाटे घालतेय."

इकडे अध्यक्षांना जोर चढला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी मैदान होतं, आणि आपण गप्प बसलो तर खुर्ची जाते हे त्यांना कळत होतं. त्यांनी जाहीर केलं, की शेवटच्या सभेत ते नाव मी स्वतः वाचणार. त्यात डॉक्टरचा हात नसेल, या शहरातलाच कुणी साधा मतदार निघाला, तर तिथल्या तिथे पुन्हा त्याच शब्दावर सही करीन आणि ठराव मागे घेईन.

त्या रात्री पान वाढताना वहिनींनी विचारलं, "खरंच सही कराल, भाऊजी?"

"वेळच येणार नाही हो."

"आली तर?"

"तर करीन. हजारो लोकांपुढे बोललोय."

"मग नावाचं पाकीट कार्यालयातून मीच आणते," वहिनी म्हणाल्या. "मध्ये कुणी फोडायला नको."

शेवटची सभा त्याच मैदानावर होती. खुर्च्या पुरल्या नाहीत, पोरी भिंतीवर चढून बसल्या. तमाशा बघायला डॉक्टरसुद्धा येऊन मागे उभे राहिले होते. साडेपाचला वहिनी रिक्षातून उतरल्या, मंचाशी गेल्या आणि त्यांनी पाकीट दिराच्या हातात दिलं. मग पहिल्या रांगेत जाऊन पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

अध्यक्षांनी पाकिटाचं सील सगळ्यांना दाखवलं. सावकाश फोडलं. चष्मा लावला.

एका बाईचं नाव होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, मग आडनावासकट पुन्हा एकदा वाचलं.

"कोण ही बाई?" त्यांनी माइकवर विचारलं. "ओळखतं का कुणी?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. डॉक्टरांनी मान हलवली. तेही कोरेच दिसले.

"बघा!" अध्यक्ष खुलले. "माझ्या शहरात हे नाव मी जन्मात ऐकलेलं नाही. बाहेरून भाड्याने आणलेली दिसतेय. थांबा, पत्ताही दिलाय. पत्ता वाचू, म्हणजे डॉक्टरांचा घरोबा कळेल."

त्यांनी पेठ वाचली. बेकरीमागची गल्ली वाचली. घराचा क्रमांक निम्मा वाचला आणि माइकमधून नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

तो क्रमांक त्यांच्या स्वतःच्या दारावर होता.

त्यांनी मान वर केली तेव्हा पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. वहिनी मंचाच्या पायऱ्या चढून वर आल्या होत्या. एका हातात पंचवीस वर्षांपूर्वीचं पत्रक होतं, दुसऱ्या हातात पेन, आणि पेनाचं टोपण त्यांनी खालीच काढून ठेवलं होतं.